स्टिकरचा सुटलेला कोपरा

मला लोंबता दोरा बघवत नाही. हा काही गुण नाही, धंद्यानं लागलेली खोड आहे. गोंदियाजवळ कुडव्यात घराच्या समोरच्या खोलीत मी पंचवीस वर्षं ब्लाउज आणि ड्रेस शिवते आहे. कोणाच्या बाहीला सुटलेला धागा दिसला की बोलता बोलता माझी कात्री चालते. एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईच्या पदराचा दोरा मी दातानं तोडला होता. ओळख ना पाळख. ती ताट उचलून दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. नवरा म्हणतो, तुझ्या हाताला दम नाही. खरं आहे, आणि जिभेलाही नाही.

अशा बाईच्या अंगणात तीन वर्षं एक सायकल उभी होती आणि तिचे स्टिकर अर्धे निघालेले होते. सायकल माझ्या बाबांची. गडद हिरवी, बावीस इंची, मागे दणकट कॅरिअर. खालच्या दांड्यावर कंपनीचं नाव मोठ्या पिवळ्या अक्षरांत, मडगार्डवर एक पट्टी, सीटखालच्या नळीवर एक छोटा शिक्का, आणि वरच्या दांड्यावर, हँडलच्या अगदी जवळ, ढालीच्या आकाराचा एक स्टिकर. उन्हानं सगळे पांढरट पडले होते. कडा उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्याखाली काळा मळ साचला होता. ढालीचा एक कोपरा तर पार सुटून वर आला होता, आणि बाबांचा अंगठा सारखा त्या कोपऱ्यावर. सायकलला हात लावला की पहिल्यांदा तो कोपरा कुरतडायचे.

"बाबा, ते नका सोलू न. अजून खराब होऊन राहिलं," मी म्हणायची.

"मी कुठी सोलून राहिलो?" ते म्हणायचे आणि अंगठा काढून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे आले. गोरेगावकडची धानाची शेती चुलतभावाला ठेक्यानं दिली, बैलजोडी विकली. घरातलं भांडंकुंडं त्यांनी मागितलं नाही. एवढंच म्हणाले, "सायकल येत असन तर येतो." तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे कळलं की बाबांना माझ्या घरी करायला काहीच नव्हतं. पाहुण्यासारखे भिंतीला टेकून बसायचे आणि मी मशीन थांबवली की विचारायचे, चहा ठेवू का. दिवसातला त्यांचा स्वतःचा असा एकच तास. सकाळी सायकल घेऊन चौकातल्या चहाच्या टपरीवर जायचं. तिथे कडुनिंबाखाली पाच-सहा म्हातारे जमतात. कोणाचं धान किती झालं, कोणाच्या सुनेनं काय केलं, कोण गेलं. तिथून आले की बाबांचा आवाज मोठा झालेला असायचा. त्या तासाभरावर त्यांचा दिवस निघायचा.

मागच्या उन्हाळ्यात ते सायकलसकट विजेच्या खांबाला जाऊन थडकले. गुडघा फुटला. मी जखम धुता धुता तोंडाचा पट्टा सोडला. दिसत नाही का, एवढा मोठा खांब, रस्त्यावर ट्रक धावून राहिले, मला काय जीवाला घोर लावता. शेवटी मी म्हणाले, "सांगून ठेवते बाबा, आणखी एकदा असं झालं तर सायकल भंगारवाल्याले देऊन टाकीन."

"डोरे ठीक हायेत माये," बाबा म्हणाले. "ऊन तोंडावर होतं."

त्यानंतर ते सायकल हातात धरून चालत जाऊ लागले. मी विचारलं तर म्हणाले, गुडघा दुखते. मग सायकल नेता कशाला, असं मी म्हटलं, तर म्हणाले, टेका राहते. मला पटलं. मला कामं असतात, पटवून घ्यायला बरं पडतं. बाबा कपात चहा ओततात तेव्हा कपाच्या काठात बोट धरतात, हे मी पाहिलं होतं आणि त्यांना त्यावरूनही बोलले होते. बोट कशाला बुडवता चहात म्हणून.

आता पोळ्याचं सांगते. बैल विकल्यावर पहिला पोळा आला तेव्हा बाबा दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी उठले, सायकल धुतली, चेनला तेल दिलं, हँडलला हळद-कुंकू लावलं. म्हणाले, आता हाच आपला बैल. तेव्हापासून दर पोळ्याला सायकलची पूजा ठरलेली. आदल्या दिवशी खांदशेकणीसुद्धा करायचे. बैलांच्या मानेवर वर्षभर जू असतं, म्हणून त्या संध्याकाळी पळसाच्या पानानं त्यांच्या खांद्याला कोमट तूप-हळद चोळतात आणि म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बाबा हे सगळं सायकलच्या हँडलला करायचे. शेजारचे हसायचे. मी हसत नव्हते, पण पडदा ओढून घ्यायची.

या वर्षी खांदशेकणीच्या दुपारी बाबा जेवून झोपले आणि माझ्या हाताला काम नव्हतं. सणाचे सगळे ब्लाउज देऊन झाले होते. अंगणात ती सायकल, आणि ते सोललेले स्टिकर. मनात आलं, उद्या हिची पूजा होणार, आणि ही अशी खरजुली. बाबा उठायच्या आत चकचकीत करून ठेवू. खूश होतील.

मोबाइलवर हिंदीत एक व्हिडिओ पाहिला. त्यातला पोरगा केस वाळवायचं मशीन घेऊन स्टिकरवर गरम हवा सोडत होता. असलं मशीन माझ्याकडे कुठलं? मी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी तापवलं, जुन्या टॉवेलचा तुकडा त्यात बुडवला, पिळला आणि दांड्यावर धरून बसले. थंड झाला की पुन्हा बुडवायचा. बाबा बैलांचे खांदे असेच शेकायचे, हे तेव्हाच आठवलं. लहानपणी मी गंज धरून उभी राहायची आणि हात पोळला की ओरडायची.

चार-पाचदा शेकल्यावर पिवळं अक्षर नरम पडलं. नखानं कड उचलली आणि सावकाश, दांड्याला चिकटून, मागे मागे ओढत नेली. घाईनं वर ओढलं की फाटतं, हे शिवणाऱ्या हाताला सांगावं लागत नाही. मोठं नाव दोन तुकड्यांत निघालं. मडगार्डवरची पट्टी सहज आली. सीटखालचा शिक्का मात्र हलेना. नखानं खरवडून पाहिलं, मग जुन्या बँकेच्या कार्डाच्या कडेनं. हिरवा रंगच उडायला लागला तेव्हा कळलं की कंपनीनं शिक्का आधी लावून त्यावरून पारदर्शक चमकीचा हात मारला आहे. तो शिक्का रंगाच्या पोटातच होता. त्याला सोडून दिलं.

वरच्या दांड्यावरची ढाल शेवटी घेतली. कोपरा आधीच सुटलेला होता, तिथूनच धरली. एवढ्या सहजपणे आली की मला हसू आलं. बाबांनी निम्मं काम करूनच ठेवलं होतं म्हणून.

खाली चिकट गोंद राहिला. खोबरेल तेल लावून थोडा वेळ ठेवलं, कापडानं पुसलं, बराच गेला. इथं थांबायला पाहिजे होतं. पण तेल पुसल्यावर पाहते तर काय, स्टिकर निघाले तरी अक्षरं तशीच. सगळी सायकल उन्हानं फिकी पडलेली आणि स्टिकरखालचा रंग कोरा, गडद राहिलेला. कंपनीचं नाव आता हिरव्यावर हिरवं दिसत होतं. ढालसुद्धा होती तिथंच, फक्त सावलीसारखी. बोट फिरवलं तर काही लागत नव्हतं, पण डोळ्याला साफ दिसत होतं. माझा पारा चढला. एवढं करून हे पुन्हा आहेच?

आमच्याकडे भांडी धानाच्या भुशाच्या राखेनं घासतात. राईस मिलमधून पोतंभर आणून ठेवलं की वर्ष निघतं. काळीकुट्ट कढई त्या राखेनं आरशासारखी होते. मी मूठभर राख घेतली, ओल्या चिंधीनं दांडा घासायला बसले. घासता घासता अक्षरं पुसट झाली, मला जोर आला, वरचा दांडा तर मी दोन्ही हातांनी घासला. मग पाणी ओतलं. ओलं असताना झकास दिसलं. वाळलं तशी सगळी फ्रेम करडी पडली, बारीक ओरखड्यांनी भरलेली. भुशाच्या राखेला धार असते, कढईला ती चालते, रंगाला नाही. हे मला माहीत असायला पाहिजे होतं. भांडी घासण्यात जन्म गेला. मी पटकन जवसाचं तेल चोळलं आणि सायकल पुन्हा चमकली. म्हटलं, कोणाला कळतं.

बाबा चारला उठले. संध्याकाळी पळसाचं पान आणि वाटीत तूप-हळद घेऊन अंगणात आले. मी दारात उभी राहिले, काय म्हणतात ऐकायला. त्यांनी हँडलला हळद चोळली. हात सवयीनं वरच्या दांड्यावर गेला आणि अंगठा तिथं थांबला. मग थोडा पुढे गेला, मागे आला. सगळा दांडा त्यांनी चाचपला.

"स्टिकर काढले बाबा मी सगळे," मी म्हणाले. "पाहा न, कशी चमकून राहिली."

"हो," बाबा म्हणाले. "चमकून राहिली."

एवढंच. मला राग आला. दुपारभर नखं मोडून घेतली आणि एक चांगला शब्द नाही. मी आत जाऊन पुरणाची डाळ निवडायला बसले. थोड्या वेळानं ते दारात आले.

"बाई, सुतळी हाय का वो घरी? वीतभर?"

"कायले पाहिजे?"

"दांड्याले बांधतो."

"काऊन? आता कुठी मी साफ केली न ती. त्यावर सुतळ्या-चिंध्या काही बांधू नका, सांगून ठेवते."

"काही नाही," बाबा म्हणाले, "राहू दे," आणि भिंत धरून आपल्या खाटेकडे गेले. माझ्या मशीनच्या खणात तेव्हा सुतळीचा अख्खा गुंडा होता.

दुसऱ्या दिवशी पोळा. बाबा सकाळी नेहमीसारखे चौकात गेले. नेहमीच्या वेळेला आले नाहीत. अर्धा तास झाला, पाऊण झाला. पुरण वाटता वाटता माझा जीव खालीवर होत होता. मग फाटक वाजलं.

"आण वो बाई हळद-कुंकू," बाबांचा आवाज आला. आवाज मोठा होता, चौकातून आल्यावर असायचा तसा. "बैलाची पूजा करून घेऊ."

मी पुरणाच्या हातानंच बाहेर आले. बाबा अंगणात सायकल स्टँडवर लावून उभे होते. सायकल काळी होती. कॅरिअरला निळी रबरी पट्टी, मागच्या मडगार्डला लाल काच. बाबांच्या सायकलला असली काच कधीच नव्हती. आणि बाबा त्या सायकलच्या हँडलवरून हात फिरवत होते, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"बाबा, ही कोनाची सायकल आणली?" माझ्या तोंडून गेलंच, आणि तेही मोठ्यानं.

बाबांचा हात थांबला. "नाही का आपली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या आवाजाकडे पाहिलं. मी दारात होते आणि ते थोडं डावीकडे, खिडकीकडे बघत होते. खांब, गुडघा, कपातलं बोट, ती वीतभर सुतळी, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. हिरवं आणि काळं यातलं त्यांना काही कळत नव्हतं. टपरीवर सगळ्या सायकली एका रांगेत लागतात आणि बाबा त्यांतली आपली त्या सुटलेल्या कोपऱ्यानं ओळखत होते. तो कोपरा ते सोलत नव्हते. ते पाहत होते.

बाबा पायरी चाचपून बसले.

"रंग तर केव्हाचेच गेले, बाई," ते हळूच म्हणाले. "मधात मधात दिसते थोडं. बाजूचं काही नाही दिसत."

"सांगितलं काऊन नाही मले?"

"तू सायकल देऊन टाकली असती."

मी टाकली असती. त्याच दिवशी टाकली असती आणि चार लोकांना सांगितलंही असतं, की बाबांच्या जीवासाठी केलं म्हणून. हाताला लागलेलं पुरण वाळत होतं.

तेवढ्यात फाटकाशी रेल्वेतून रिटायर झालेले काका आले. बाबांच्या टपरीवरच्या मंडळीतले, वयानं थोडे कमी. त्यांच्या हातात बाबांची हिरवी सायकल होती. मी पुढे झाले आणि बाबांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काका, चूक माझी हाय. काल मी सगळे स्टिकर काढले, म्हणून बाबा फसले." बाबांची लाज राखायला एवढंच सुचलं.

काकांनी मला हातानंच जरा बाजूला घेतलं. "त्याले बोलू नको काही," ते हळू आवाजात म्हणाले. "मी पायलं न त्याले माझी घेऊन जाताना. चार लोकांसमोर कसा आवाज देऊ? म्हणून त्याची घेऊन मागून मागून आलो. तो रस्ता ओलांडताना उभा राहिला, तसा मीही उभा राहिलो."

"तुम्हाले माहीत होतं?"

"सगळ्याइले माहीत हाय. तो सांगत नाही, आम्ही विचारत नाही."

मग मोठ्या आवाजात, हसत, "क्या बुजुर्ग, मेरा बैल लेके आ गए? मेरा तो लात मारता है," असं म्हणत ते अंगणात शिरले. बाबा हसले. खरंच हसले. दोघांनी सायकली बदलल्या आणि काका न जेवता गेले नाहीत. मी स्वयंपाकघरात तोंड धुतलं. रडले होते आणि त्यात राखेनं रंग घालवल्याचं दुःख कुठंच नव्हतं. घरात तीन वर्षं राहणारा माणूस मला दिसला नव्हता आणि मी बोलत होते त्यांच्या डोळ्यांबद्दल.

पोळा झाल्यावर बाबांना गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, उरलेलं राखायचं, तेही किती दिवस राहील सांगता येत नाही. दोन प्रकारचे थेंब दिले. परतताना ऑटोत बाबा मांडीवर हात ठेवून बसले होते. ते कशाची वाट बघत आहेत हे मला समजत होतं.

फाटकाशी उतरल्यावर मी म्हणाले, "बाबा, सायकल राहील. पण तिच्यावर बसायचं नाही."

"बसून कोन राहिलं?" बाबा म्हणाले. "खांबाले धडकलो तेव्हापासून नाही बसलो. ती रस्ता सांगते मले. चाक खड्ड्यात गेलं की हाताले समजते."

त्या दिवशी मी मशीनचा खण उघडला आणि सुतळीचा गुंडा काढला. ढाल नेमकी कुठं होती हे राखेनं घासल्यामुळे मलाही दिसत नव्हतं. बाबांनी माझं बोट धरून दांड्यावर ठेवलं. इथं. मी सात वेढे घातले. त्यांनी अंगठा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, गाठ वर घे. मी सोडून पुन्हा बांधली.

आता ती सुतळी मळली आहे. वेढे ढिले झाले आहेत आणि गाठीतून दोन टोकं बोटभर बाहेर लोंबतात. सायकल फिकी, करडी, ओरखडलेली, वरून ही चिंधी. परवा सकाळी बाबा चौकात निघाले होते, आणि मी ब्लाउजचे दोरे कापता कापता उठून अंगणात गेले. कात्री हातातच होती. दोन्ही टोकं मी चिमटीत धरली, आणि मग थांबले.

"बाबा," मी विचारलं, "हे टोक कापू का?"

"राहू दे," बाबा म्हणाले. "तेच आधी सापडते."

मी टोकं सोडली आणि फाटक उघडून धरलं.